राजा रविवर्मा

राजा रविवर्मा (जन्म : २९ एप्रिल १८४८, किळिमानूर, त्रावणकोर संस्थान; मृत्यू : २ ऑक्टोबर १९०६) हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अग्रगण्य भारतीय चित्रकार होत. पाश्चात्त्य तैलरंगतंत्राने भारतीय पुराणे व संस्कृत काव्ये यांतील प्रसंग रंगवणारे चित्रकार म्हणून ते प्रसिद्ध आहेत. १८९४ साली मुंबईत त्यांनी रंगीत शिळाछाप चित्रांचा छापखाना काढला. संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत अडकून राहिलेली त्यांची चित्रे या छापखान्यामुळे सामान्य माणसाच्या देवघरापर्यंत पोहोचली. मात्र छापखान्याची मालकी त्यांच्या हयातीतच दुसऱ्याकडे गेली आणि त्यांच्या मृत्यूनंतरही त्यांच्या नावाची चित्रे अनेक दशके छापली जात राहिली. त्यामुळे रविवर्म्यांचे पहिले आणि अस्सल छापील चित्र कोणास म्हणावे, हा प्रश्न संग्राहकांच्या व कलेतिहासाच्या अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला आहे.

पूर्वायुष्य

रविवर्म्यांचा जन्म त्रावणकोर राजघराण्याशी विवाहसंबंध असलेल्या किळिमानूर येथील सरदार घराण्यात झाला. वडील नीलकंठन् भट्टतिरिप्पाड हे संस्कृतचे जाणकार होते. आई उमयांबाबाई या कवयित्री होत्या. त्यांचे पार्वतीच्या स्वयंवरावरील काव्य त्यांच्या मृत्यूनंतर रविवर्मा यांनी प्रसिद्ध केले. धाकटे बंधू सी. राजराज वर्मा आणि भगिनी मंगलाबाई हेही चित्रकार होते. घराण्याची वहिवाट मातृवंशीय असल्यामुळे मामाचे स्थान पित्याइतकेच महत्त्वाचे होते. रविवर्म्यांचे मामा राजराज वर्मा हे तंजावर शैलीत चित्रे काढीत. भाच्याचे चित्रकलेतील पहिले धडे त्यांच्याच हाताखाली झाले.

१८६२ साली मामांनी त्यांना तिरुवनंतपुरम येथे महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेले. राजवाड्यातील युरोपीय चित्रे व चित्रसंग्रह त्यांना तेथे पाहावयास मिळाले. १८६६ साली मावेलिक्करा येथील राजघराण्यातील भागीरथी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

शिक्षण व प्रथम यश

तैलरंग हे माध्यम त्या काळी भारतात नवे होते. दरबारातील चित्रकार रामस्वामी नायकर यांना ते अवगत होते, परंतु तरुण रविवर्म्यांना ते शिकवण्याची त्यांची तयारी नव्हती. १८६८ साली थिओडोर जेन्सन हे युरोपीय व्यक्तिचित्रकार त्रावणकोरला आले. त्यांनीही प्रत्यक्ष शिक्षण दिले नाही. ते चित्र रंगवीत असताना केवळ पाहण्याची परवानगी मिळाली. अशा निरीक्षणातून आणि दीर्घ सरावातून रविवर्मा यांनी तैलरंगांवर प्रभुत्व मिळवले.

१८७३ साली मद्रास येथील प्रदर्शनात केशभूषा करणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातही या चित्राचा गौरव झाला. पुढे शकुंतला दुष्यंताला पत्र लिहीत असल्याचे त्यांचे चित्र मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतले. कालिदासाच्या नाटकाचे इंग्रजी भाषांतरकार मोनिअर-विल्यम्स यांच्या ग्रंथाच्या १८८७ मधील आवृत्तीत हेच चित्र मुखचित्र म्हणून छापले गेले.

बडोद्याची चित्रमाला

१८८१ साली रविवर्मा व राजराज वर्मा हे बंधू बडोद्यास गेले. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या राज्याधिकारग्रहणाच्या निमित्ताने त्यांनी तेथे अनेक व्यक्तिचित्रे काढली. महाराष्ट्रीय दरबार, तेथील पोशाख व चालीरीती यांचा त्यांना तेव्हा जवळून परिचय झाला. १८८८ साली सयाजीरावांनी त्यांना रामायण, महाभारत व पुराणे यांतील प्रसंगांवर चौदा चित्रे काढण्याचे काम सोपवले. त्याचा मोबदला ५०,००० रुपये ठरला होता.

या कामाच्या तयारीसाठी दोघा बंधूंनी उत्तर भारताचा प्रवास केला. पुराणकाळातील पात्रांना सर्व प्रांतांतील लोक आपले मानतील असा वेश कोणता द्यावा, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. अखेर अनेक नायिकांसाठी त्यांनी साडीची निवड केली आणि कित्येक चित्रांत ती महाराष्ट्रीय पद्धतीने नेसलेली दाखवली. नल-दमयंती, शंतनू व मत्स्यगंधा, अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका, कंसमाया इत्यादी विषयांवरील ही चित्रे १८९० साली पूर्ण झाली. प्रदर्शनात ती पाहण्यासाठी लोकांनी गर्दी केली व त्यांची छायाचित्रे विकली गेली. मूळ चित्र विकत घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर होते अशांनाही त्याची प्रतिकृती घरी हवी आहे, हे या मागणीवरून दिसून आले.

मुंबईतील छापखाना

चित्रांच्या छापील प्रती काढण्याची सूचना रविवर्म्यांना पूर्वीच मिळाली होती. त्रावणकोर व बडोदा या दोन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषवलेले सर टी. माधवराव यांनी १८८४ साली त्यांना पत्र लिहून निवडक चित्रे युरोपात पाठवावीत व तेथे त्यांचे ओलिओग्राफ करून घ्यावेत असे सुचवले होते. एका चित्रकाराच्या हातून देशभरातील मागणी पुरी होणे शक्य नाही, हे त्यामागील कारण होते. रविवर्मा यांनी काही वर्षांनी ही कल्पना स्वीकारली. पण चित्रे परदेशी पाठवण्याऐवजी यंत्रे व तंत्रज्ञ येथे आणण्याचा मार्ग त्यांनी पत्करला.

१८९४ साली मुंबईत छापखाना सुरू झाला. गोवर्धनदास खटाव मखनजी हे त्यात भागीदार होते. यंत्रसामग्री जर्मनीहून मागवण्यात आली व छपाईच्या कामासाठी जर्मन तंत्रज्ञ नेमण्यात आले. १२ जुलै १८९४ रोजी छापखान्यातून पहिले चित्र बाहेर पडले. 'शकुंतलाजन्म' हा त्याचा विषय होता. मेनका नवजात कन्या पुढे करीत आहे आणि विश्वामित्र तिच्याकडे पाठ फिरवून तिचा स्वीकार नाकारीत आहेत, असा प्रसंग त्यात दाखवला आहे. त्यानंतर छापलेल्या लक्ष्मी व सरस्वती यांच्या चित्रांना विशेष लोकप्रियता लाभली.

रंगीत चित्रे छापणारा हा भारतातील पहिला छापखाना नव्हता. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी १८७८ साली चित्रशाळा स्थापन केली होती आणि तिची देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची चित्रे महाराष्ट्रात खपत होती. त्याच वर्षी कलकत्त्यात कलकत्ता आर्ट स्टुडिओ सुरू झाला होता. युरोपात छापलेली चित्रेही बाजारात येत असत. रविवर्म्यांच्या छापखान्याचे वेगळेपण असे की, नामांकित चित्रकाराने स्वतःच्या तैलचित्रांच्या प्रती काढण्यासाठी तो स्वतः उभारला होता.

छपाईची पद्धत

ओलिओग्राफ म्हणजे तैलचित्राचा आभास निर्माण करणारे शिळाछाप रंगीत चित्र होय. त्यासाठी बव्हेरियातील बारीक कणांचा चुनखडीचा दगड वापरला जाई. दगडाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर स्निग्ध पेन्सिलीने किंवा शाईने रेखाटन करीत. दगड ओला केल्यावर रेखाटलेल्या भागावरच छपाईची शाई धरली जाई. प्रत्येक रंगछटेसाठी स्वतंत्र दगड तयार करावा लागे आणि एकच कागद क्रमाक्रमाने त्या सर्व दगडांवरून छापला जाई. एकही दगड किंचित सरकला तर रंगांच्या कडा जुळत नसत. सर्व रंग उमटल्यावर कागदावर रोगण चढवीत. काही प्रतींवर कॅनव्हासच्या विणीसारखा पोत उठवीत.

कोणत्या छटेसाठी किती दगड लागतील, मूळ चित्रातील कोणता बारकावा ठेवावा व कोणता सोडावा, हे दगडावर काम करणारा कारागीर ठरवीत असे. त्यामुळे कागदावर उमटलेल्या चित्रात रविवर्म्यांच्या रचनेबरोबर या कारागिराच्या निर्णयांचाही वाटा असे. चित्रावर दिसणारी रविवर्म्यांची सहीदेखील पुष्कळदा मूळ चित्राबरोबर दगडावर उतरवलेली असे. ती प्रत्येक प्रतीवर केलेली हस्ताक्षरातील सही नव्हे.

मळवली व छापखान्याची विक्री

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. कामगार शहर सोडून जाऊ लागले आणि व्यापार मंदावला. गोवर्धनदासांशी असलेली भागीदारीही संपुष्टात आली. छापखान्याच्या कर्जाचा भार रविवर्मा बंधूंवर पडला. १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवण्यात आला. कार्ल्याच्या लेण्यांनजीकचे हे गाव मुंबई-पुणे लोहमार्गावर असल्याने मालाची ने-आण करणे सोयीचे होते.

स्थलांतरानंतरही आर्थिक अडचणी दूर झाल्या नाहीत. व्यक्तिचित्रे व संस्थानिकांची कामे यांसाठी दोघा बंधूंना सतत प्रवास करावा लागे आणि छापखान्याच्या दैनंदिन कारभाराकडे लक्ष देणे शक्य होत नसे. राजराज वर्मा यांनी १८९५ ते १९०४ या काळात लिहिलेली दैनंदिनी उपलब्ध असून तीत या विवंचनेच्या नोंदी आढळतात. अखेर १९०१ च्या सुमारास छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकण्यात आला. ८९ चित्रांचे पुनर्मुद्रणाचे हक्कही या व्यवहारात त्याच्याकडे गेले. व्यवहाराची रक्कम २५,००० रुपये होती. बडोद्याच्या चौदा चित्रांसाठी ठरलेल्या मोबदल्याच्या ती निम्मी होते.

श्लायशरने छापखान्याचे नाव बदलले नाही. रविवर्म्यांच्या नावाला बाजारात असलेली किंमत त्याने ओळखली होती. मूळ चित्रांबरोबरच म. वि. धुरंधर व अन्य चित्रकारांची चित्रेही तेथे छापली जाऊ लागली. व्यापारी कंपन्यांसाठी दिनदर्शिका, जाहिराती व वेष्टनांवरील चित्रे छापण्याचे कामही छापखान्याने केले. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ख्याती पावलेले दादासाहेब फाळके यांनी उमेदीच्या काळात या छापखान्यासाठी प्रकाश-शिलामुद्रणाचे काम केले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत छापखाना चालू होता. १९७२ साली लागलेल्या आगीत तो भस्मसात झाला.

अखेरची वर्षे

१९०४ साली ब्रिटिश सरकारने रविवर्म्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक देऊन गौरवले. त्या प्रसंगी त्यांच्या नावापुढे राजा हे पद लावण्यात आले आणि पुढे ते नावाचाच भाग बनले. त्यांच्या दोन नाती, सेतू लक्ष्मीबाई व सेतू पार्वतीबाई, १९०० साली त्रावणकोर राजघराण्यात दत्तक गेल्या होत्या. जानेवारी १९०५ मध्ये राजराज वर्मा यांचे निधन झाले. चित्रांची पार्श्वभूमी रंगवण्यापासून व्यवहार सांभाळण्यापर्यंत प्रत्येक कामात ते रविवर्म्यांचे सहकारी होते. या आघातानंतरही रविवर्मा यांनी म्हैसूर दरबाराचे काम चालू ठेवले. मधुमेहाने त्यांची प्रकृती खालावत गेली व २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पहिले छापील चित्र कोणते

रविवर्म्यांचे पहिले छापील चित्र म्हणून सामान्यतः १८९४ मधील 'शकुंतलाजन्म' या चित्राचा उल्लेख केला जातो. तथापि पहिले या शब्दाचा अर्थ बदलला की उत्तरही बदलते. त्यांची रचना ग्रंथात छापली जाण्याचा मान १८८७ मधील शकुंतलेच्या मुखचित्राकडे जातो. सर्वसामान्यांनी विकत घेतलेल्या प्रतिकृतींचा विचार केल्यास बडोद्याच्या चित्रांची छायाचित्रे आधीची ठरतात. परंतु ग्रंथातील मुखचित्र स्वतंत्रपणे विकले जात नव्हते आणि छायाचित्रांत रंग नव्हते. चित्रकाराच्या देखरेखीखाली, त्याच्या स्वतःच्या छापखान्यात, विक्रीसाठी स्वतंत्रपणे छापलेले रंगीत चित्र ही कसोटी लावली तरच 'शकुंतलाजन्म' पहिले ठरते.

छापील चित्रांच्या संग्राहकांत असा वाद अन्यत्रही आढळतो. रविवर्म्यांचा छापखाना उभा राहिला त्याच सुमारास अमेरिकेत तंबाखूच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची लहान छापील कार्डे वाटली जात होती. खेळाडूच्या पहिल्या मान्य कार्डाला तेथील संग्राहक रूकी कार्ड म्हणतात आणि इतर कार्डांपेक्षा त्याला अधिक किंमत देतात. मात्र दुय्यम दर्जाच्या संघातून खेळत असताना निघालेले कार्ड धरावे की मुख्य स्पर्धेतील संघाच्या पोशाखातील पहिले कार्ड धरावे, याविषयी एकमत नाही. बेब रूथ या विख्यात खेळाडूचे १९१४ मधील बाल्टिमोर संघाचे कार्ड आणि १९१६ मधील बॉस्टन संघाचे कार्ड यांबाबत हाच मतभेद आहे. दोन्ही उदाहरणांत केवळ आधीची तारीख पुरेशी ठरत नाही. ती वस्तू कोणी, कशासाठी व किती लोकांसाठी छापली याचाही विचार करावा लागतो.

अस्सलतेचे निकष

रविवर्म्यांच्या नावाने बाजारात येणाऱ्या छापील चित्रांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : छापखाना त्यांच्या मालकीचा असताना छापलेली चित्रे, विक्रीनंतर त्यांच्याच रचनांवरून छापलेली चित्रे, आणि त्याच छापखान्यात छापलेली परंतु अन्य चित्रकारांची चित्रे. यांखेरीज इतर छापखान्यांनी काढलेल्या नकला व अलीकडील यांत्रिक पुनर्मुद्रणे आहेतच.

हे वर्ग ओळखण्याची प्रमुख खूण म्हणजे चित्राखालील मुद्रणओळ. तीत घाटकोपरचा उल्लेख असल्यास चित्र मुंबईच्या काळातील असण्याची शक्यता असते. कार्ला, मळवली किंवा लोणावळा ही नावे १८९९ नंतरचा काळ दर्शवतात. परंतु मळवलीत छापलेले प्रत्येक चित्र श्लायशरच्या काळातील नसते, कारण पहिली सुमारे दोन वर्षे छापखाना तेथेही रविवर्म्यांच्याच मालकीचा होता. पुढील काळातील काही चित्रांवर मुंबईच्या मोतीबाजारातील अनंत शिवाजी देसाई यांच्यासारख्या वितरकांची नावे आढळतात.

पुष्कळ जुन्या प्रतींचा खालचा कागद चौकटीत बसवताना कापला गेला आहे. अशा प्रतींवरील मुद्रणओळ नाहीशी झालेली असल्याने कागदाचा पोत, रोगणाचा थर व रंगांची घडण पाहावी लागते. भिंगातून पाहिल्यास शिळाछापातील रंग अनियमित कणांच्या रूपात दिसतात. अलीकडील यांत्रिक छपाईत ठिपक्यांची समान अंतराची जाळी दिसते. ही कसोटी जुने व नवे चित्र वेगळे करण्यास उपयोगी पडते, मात्र मालकीबदलाच्या आधीचे व नंतरचे चित्र तिने ओळखता येत नाही. एकाच दगडावरून दोन्ही मालकांच्या काळात प्रती निघू शकत असल्यामुळे तेथे मुद्रणओळ हाच महत्त्वाचा पुरावा उरतो.

काही घरांत देवींच्या छापील चित्रांवर जर, टिकल्या, मणी व कापडाचे तुकडे चिकटवून ती सजवण्यात आली. छापखान्यातून बाहेर पडलेल्या स्थितीतील कोरी प्रत हाच अस्सलतेचा निकष मानल्यास ही सजावट दोष ठरते. चित्रांच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती मोलाची आहे, कारण छापील कागद पूजेची व कौतुकाची वस्तू कसा बनला हे तीवरून कळते.

टीका व मूल्यमापन

रविवर्म्यांच्या हयातीत त्यांना मोठी लोकमान्यता मिळाली. १८९३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या दहा चित्रांना पारितोषिके मिळाली. त्यांच्या मृत्यूनंतर आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता आदींनी त्यांच्या चित्रांवर टीका केली. ही चित्रे पाश्चात्त्य शैलीचे अनुकरण करणारी व नाटकी आहेत, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. स्वस्त छापील प्रतींमुळे लोकांची अभिरुची घसरली असेही म्हटले गेले. या टीकेत तैलचित्र आणि त्याची छापील प्रत यांतील फरक पुष्कळदा लक्षात घेतला गेला नाही. उत्तरकालीन निकृष्ट छपाईचा दोषही मूळ चित्रकाराच्या माथी आला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस लोकप्रिय दृश्यसंस्कृतीचा अभ्यास सुरू झाल्यावर छापील चित्रांकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. दिनदर्शिकांवरील देवदेवता, नाटकांची नेपथ्ये व आरंभीचे पौराणिक चित्रपट यांवरील त्यांचा प्रभाव अभ्यासकांनी दाखवून दिला.

वारसा

बडोद्यातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालय, तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा कलादालन व म्हैसूरचा जगनमोहन राजवाडा येथे रविवर्म्यांची महत्त्वाची तैलचित्रे आहेत. महाराष्ट्रात औंध येथील श्रीभवानी संग्रहालयातही त्यांची चित्रे पाहावयास मिळतात. १९७९ साली भारत सरकारने त्यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला. त्यामुळे त्या देशाबाहेर विकता येत नाहीत. त्यांच्या जीवनावर रणजित देसाई यांनी लिहिलेली 'राजा रविवर्मा' ही मराठी कादंबरी प्रसिद्ध असून केतन मेहता दिग्दर्शित 'रंगरसिया' हा हिंदी चित्रपट तिच्यावर आधारित आहे.

मूळ तैलचित्रे संग्रहालयांत जपली गेली असली, तरी बहुसंख्य लोकांना रविवर्मा परिचित आहेत ते छापील चित्रांमुळे. कमळावर उभी असलेली लक्ष्मी व वीणा वाजवणारी सरस्वती यांची त्यांनी रूढ केलेली रूपे आजही घरे, दुकाने व दिनदर्शिकांवर आढळतात. त्यांपैकी बहुतेक चित्रांवर रविवर्म्यांचे नाव नसते.